टॅबखालचा तळहात

रेवा, ईशान,

मागच्या रविवारी रेवा सांगत होती की त्यांच्या वर्गातला मोठा पडदा मधेच बंद पडला, बाईंना पुढे काय करावं ते सुचेना, आणि त्यांनी सगळ्यांना मैदानावर सोडून दिलं. तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला थूल सर आठवले. ते तिथे असते तर हसले नसते. त्यांनी आधी खिशातून रुमाल काढला असता.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. आपण बोलत असताना माझ्या मागे दारासमोरच्या ओट्यावर एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ बसलेले दिसायचे आणि ईशान विचारायचा, "आजी, ते काका फोन का पुसतायत?" तेच थूल सर. ते हिंगणीत आपल्या समोरच्या घरात राहायचे आणि जंगलाच्या बाजूला असलेल्या चिचघाट नावाच्या लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक हातपंप, आणि शिक्षक म्हणून एकटे सर. आता ते इथे राहत नाहीत, म्हणून आठवतं आहे तोवर लिहून ठेवते. बाबाला वाचून दाखवायला सांगा. सरांची बोली त्याच्या लहानपणीची आहे, त्याला ती बरोबर जमेल.

सरांना भीती वाटायची. एखाद्या गोष्टीची नव्हे, एकूणच. सकाळी स्कूटी काढून कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, फाटकाची कडी ओढून बघायचे आणि मग शाळेला जायचे. हे रोज. त्यांच्या पत्नी, शोभाताई, आतून म्हणायच्या, "मी घरातच आहो नं. मले कोण चोरून नेते?"  सर कडी पुन्हा एकदा ओढायचे.

"बिघडलं तं?" हा त्यांचा प्रश्न. चहात आलं घातलं तरी "बिघडलं तं?" आणि गल्लीत कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं तरी, पेढा हातात घेऊन, "चांगलंच आहे. पण बिघडलं तं?" लोक त्यांची नक्कल करायचे. सर ती ऐकायचे आणि बरोबर झाली आहे की नाही हे तपासल्यासारखी मान हलवायचे.

पण त्या भीतीचा लोकांना उपयोगही होता. त्यांच्या पिशवीत टॉर्च असायचा, सेफ्टी पिना असायच्या, जुलाबावरची साखर-मिठाची पाकिटं असायची, आणि एक लांब सुती दोर. दोर कशाला, म्हणून शोभाताई हसायच्या. एका हिवाळ्यात शाळेच्या हातपंपाजवळ चिखलात वाघाचा पंजा उमटलेला दिसला. सरांनी मुलांना एका रांगेत तो दोर धरायला लावला, आपण पुढे झाले आणि खिचडीची थाळी वाजवत एकेकाला त्याच्या घरी पोचवलं. मोठी मुलं रांगेच्या शेवटी, लहान मधे. त्या दिवसापासून शोभाताई दोराला हसल्या नाहीत.

फळ्याची मात्र त्यांना भीती नव्हती. मी स्वतः हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, चांगले फळे पुष्कळ पाहिले, पण सरांसारखा हात पाहिला नाही. खडू न उचलता ते बोर नदी काढायचे, धरण काढायचे, कालवे काढायचे. एकदा मी विचारलं, "इथे कसं भीत नाही तुम्ही?" ते म्हणाले, "फळा पुसता येते नं, बाई."

अशा माणसाच्या शाळेत टॅब आले. नागपूरच्या कोणा दानशूर माणसाने एक टीव्ही आणि खोकंभर टॅब दिले. सरांनी ताब्यात घेतल्याची सही केली आणि त्यांची झोप उडाली. सही आपली, म्हणजे वस्तू आपल्या जबाबदारीची. त्यांनी टॅब मूळच्या खोक्यांसकट लोखंडी कपाटात ठेवले, खोक्यांमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला आणि कपाटाला पितळी कुलूप लावलं. टीव्हीवर शोभाताईंची जुनी चादर. सोमवारी कपाट उघडायचं, खोकी पुसायची, मोजायची, पुन्हा कुलूप.

गावात किराणा दुकान चालवणारा सुनील कोहळे शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. त्याची मुलगी समीक्षा तेव्हा तिसरीत. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला धार होती. "सर, तुमचे टॅब म्हणजे लग्नातला शालू," तो म्हणायचा. "पाहाले भेटते, नेसाले नाई."

हे बोलणं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच वर्षी सेलूच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन चिचघाटला येऊ लागली होती. त्या शाळेत संगणकाची खोली आहे, असं व्हॅनवाला सांगायचा. कोहळे म्हणू लागला की पोरीला आता तिकडेच टाकतो. तो गेला की त्याच्यामागे आणखी चार-पाच घरं जाणार, हे उघड होतं. मग पट कमी होणार, आणि पट कमी झाला की शाळा बंद करून मुलांना हिंगणीच्या शाळेत पाठवणार. हिंगणीचा रस्ता जंगलातून. नदीकाठच्या टोलीत मजुरी करणारी माणसं राहतात, त्यांना व्हॅन परवडणारी नव्हती.

"व्हॅनवाले जातीन व्हॅननं," सर माझ्या ओट्यावर बसून म्हणाले होते. "टोलीतले कशानं जातीन, बाई? माह्या दोरानं?"

तेव्हापासून त्यांची भीती एकाच ठिकाणी येऊन बसली. शाळा राहायची तर टॅब कपाटातून काढावे लागणार होते, आणि काढले तर ते बिघडणार होते.

सुरुवात उलटीच झाली. आपल्याकडे पावसाळा संपला की गाद्या, डाळी, पुस्तकं, सगळ्यांना ऊन दाखवतात. ओल जाते, कीड लागत नाही. दसऱ्यानंतर सरांनी टॅबनाही ऊन दाखवलं. शाळेच्या अंगणात चटई घातली, टॅब ओळीने मांडले, कावळे येऊ नयेत म्हणून शेजारी एक मूल बसवलं आणि दुपारी सगळे टॅब पापडासारखे उलटे केले. आमच्या इथलं ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊक नाही.

संध्याकाळी ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे आले. तेव्हा त्यांचा चेहरा आजारी मूल आणलेल्या बापासारखा होता.

"बाई, याले काऊन सूज आली?"

टॅबची पाठ पुरीसारखी फुगली होती. मी विचारलं, "उन्हात ठेवला होता का?"

"तं काय सावलीत ठेवू? पावसाळाभर ओल खाल्ली नं त्यायनं."

वर्ध्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की नुसते पडून राहिल्याने बॅटऱ्या खराब झाल्याच होत्या, त्यात हे ऊन. पेटले नाहीत हे नशीब. दोन-तीन टॅब कायमचे गेले, बाकीचे वाचले. "पेटले नाहीत" हे शब्द सरांनी मला किती वेळा सांगितले असतील. मग ते आपण होऊन केंद्रप्रमुखांकडे गेले, म्हणजे आजूबाजूच्या शाळा बघणाऱ्या साहेबांकडे, आणि सगळं सांगून टाकलं. शिक्षा होईल, नोंद होईल, अशी त्यांची खात्री होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उन्हात ठेवले ते समजलं, सर. पोरांच्या हातात कधी ठेवले?"

हा प्रश्न सरांना शिक्षेपेक्षा लागला. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी माझ्याकडे यायला लागले. चिचघाटला रेंज नाही. तुमच्या बाबाने आपल्याला बोलता यावं म्हणून घरात वायफाय बसवून दिलं, ते ओट्यापर्यंत नीट येतं. शिवाय पडद्यावर इंग्रजी आलं की वाचायला मी होते.

आल्यावर पहिल्यांदा हात धुवायचे. मग रुमालाने बोटं पुसायची, मग टॅब पुसायचा. टॅबला ते करंगळी लावायचे, तीही दूध तापलं का हे बघताना लावतो तशी, आणि चटकन मागे घ्यायचे. मी म्हटलं, तर्जनी लावा. ते म्हणाले, "त्या बोटात जोर जास्त आहे."

कष्ट मात्र त्यांनी मनापासून केले. बोर नदीवरचा एक धडा त्यांनी टॅबवर तयार केला. स्वतः काढलेले फोटो, त्यावर स्वतःचा आवाज. आठवडाभर रोज थोडा थोडा करायचे आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं काम गायब असायचं. टॅबच खराब, असं मलाही वाटू लागलं. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिलं. काम संपलं, त्यांनी बंद करायला करंगळी लावली, आणि पडद्यावर प्रश्न आला. जुन्याच्या जागी हे नवीन ठेवायचं, तुमची खात्री आहे का? एवढं इंग्रजी सरांना येत होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि "नाही" दाबलं.

"सर, अहो, 'नाही' का दाबलंत?"

"खात्री नाई नं, बाई."

"पण तो तसा प्रश्न नाही. ते नुसतं विचारायचं म्हणून विचारतं."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी गैर बोलले. "विचारते तं खरं सांगा लागते," ते म्हणाले. "खात्री नसताना हो कसं म्हणू?"

त्या दिवशी "हो" मी दाबलं. पुढच्या दिवशी त्यांनी स्वतः दाबलं, डोळे मिटून.

जानेवारीपासून टॅब वर्गात निघू लागले, पण एका वेळी एकच. मूल टॅब हातात घ्यायचं आणि सर त्याच्या हाताखाली आपला तळहात धरायचे. लहान मूल पहिल्यांदा काचेच्या पेल्याने पाणी पितं तेव्हा आपण धरतो तसा. मूल नदीचा फोटो मोठा करून बघायचं, सर खाली हात धरून उभे. त्याचं झालं की दुसरं मूल, पुन्हा तळहात. बाकीचे टॅब कपाटात, कारण तळहात एकच. दुपारपर्यंत त्यांचा हात भरून यायचा आणि अर्ध्या वर्गाची पाळी राहून जायची.

समीक्षाने घरी सांगितलं. कोहळे दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दारात उभा राहिला. "सर, टॅब आहे का तान्हं लेकरू? व्हॅनच्या शाळेत एकेका पोराले एकेक संगणक देते म्हणते."

"देत असन," सर म्हणाले.

"मार्चमधे पालकसभा घ्या. काय शिकवता ते दाखवा. नाई पटलं तं मी पोरीचं नाव काढतो. मी तोंडावर सांगून राह्यलो, मागून नाई."

मार्चपर्यंत सर वाळले. शोभाताई म्हणाल्या की झोपेतही यांचा हात उताणा असतो. मुलांनी टॅबवर गावाचे फोटो काढायचे आणि ते टीव्हीवर पालकांना दाखवून माहिती सांगायची, असं ठरलं होतं. मुलांनी एकेक करून आपापल्या टॅबवर फोटो काढले, प्रत्येक टॅबखाली सरांचा तळहात. मोहाची फुलं वेचणारी टोलीतली म्हातारी, धरणाचं दार, हातपंप, कोहळ्याच्या दुकानातला तराजू. एकाही फोटोत सर नव्हते, पण पुष्कळ फोटोंच्या कोपऱ्यात त्यांची बोटं आली होती.

सभेच्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. "मागं बसा फक्त, बाई. इंग्रजी काही आलं तं."

वर्ग भरला होता. टोलीतली माणसं मजुरी सोडून आली होती, दाराजवळ उकिडवी बसली होती. कोहळे पुढे, पायावर पाय टाकून. सरांनी टीव्हीवरची चादर काढली, घडी केली, रुमाल फिरवला, बटण दाबलं. पहिला फोटो आला, मोहाच्या फुलांचा. म्हातारीचा नातू सांगायला उभा राहिला, आणि लाइट गेली.

 मग कोहळे म्हणाला, "झालं. व्हॅनवाल्यायकडे जनरेटर आहे म्हणते." मागे दोघं-तिघं हसले.

सर टीव्हीसमोर उभे होते. त्यांच्या हातात चादरीची घडी होती आणि ती ते पुन्हा उलगडत होते, झाकण्यासाठी. तेवढ्यात समीक्षा उठली. "सर, टॅबमधे तं आहेत नं फोटो. काल चार्ज केले तुमी."

चार्ज केले होते. रोज करायचे, त्या सुजेपासून. सरांनी कपाट उघडलं आणि एक टॅब काढला. पण आता एकाने भागणार नव्हतं. ज्याने ज्याचे फोटो काढले ते ज्याच्या त्याच्या टॅबमधे होते. मुलं पुढे आली आणि त्यांनी आपले आपले टॅब उचलले. इतके टॅब एकदम बाहेर मी प्रथमच पाहत होते. सर उजवा हात एकाखाली धरत होते, डावा दुसऱ्याखाली, आणि तिसरं मूल तोवर आपल्या आईपर्यंत पोचलेलं असायचं. ते त्या गर्दीत हात पुढे करून फिरत होते, ओंजळीत पाणी नेणाऱ्या माणसासारखे.

आणि एक टॅब पडला. फरशीवर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. समीक्षाच्या हातून पडला होता, बापाच्या पायाशी.

त्या पोरीचा चेहरा मी विसरणार नाही. कोहळ्याचा हात वर गेला होता, पण सर आधी पोचले. खाली बसले, टॅब उचलला, रुमालाने पुसला. काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली होती. त्यांनी करंगळी लावली. पडदा उजळला. कोहळ्याचा तराजू दिसला, मधून एक रेघ गेलेला.

"कोण भरून देणार हे?" कोहळे म्हणाला.

"मी आहो नं."

"अन् पोरीनं परत पाडला तं?"

सरांनी काचेवरच्या रेघेवरून रुमाल फिरवला. मग म्हणाले, "पाडन. परत उचलू."

त्यांनी टॅब समीक्षाच्या हातात दिला. तळहात खाली गेला होता, सवयीने. तो त्यांनी काढून घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते, म्हणून पुढचं मला फक्त ऐकू आलं. समीक्षा बापाला त्याच्याच तराजूची माहिती सांगत होती, दांडी कोणती, पारडं कोणतं, आजोबांनी तो कुठून आणला. टोलीतली म्हातारी स्वतःचा फोटो बघून म्हणत होती, "माह्या लुगड्याले पदर तं नीट घेऊ द्याचा होता, बाप्पा." लोक हसत होते. मला दिसत होते ते सरांचे पाठीमागचे हात. सभा संपेपर्यंत ते पुढे आले नाहीत.

कोहळे जाताना एवढंच म्हणाला, "चौथी करू द्या इथं. पुढचं पुढं पाहू." म्हणजे शाळेला एक वर्ष मिळालं. जास्त नाही. सरांना ते कळत होतं.

मार्च-एप्रिलमधे टॅब रोज निघाले. आणखी एकाची काच गेली. सरांनी मला सांगितलं तेव्हा आवाज बसका होता, पण त्यांनी टॅब टॉवेलात गुंडाळून आणला नव्हता.

जूनअखेर ते निवृत्त झाले. नव्या शिक्षिका वर्ध्याच्या, वयाने लहान, मोबाइल त्यांच्या हातातच वाढलेला. सरांना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांच्याकडे शाळेचा ताबा देऊन आले ते माझ्या ओट्यावर बसूनच राहिले. "मॅडम हुशार आहेत," ते म्हणाले. "पण सही केल्याबरोबर म्हणे, सर, आता हे माझ्या नावावर ना? मग कपाटाला कुलूप असलेलं बरं."

  सही सरांनीही केली होती, एकदा.

पुढच्याच आठवड्यात ते दोघं मुलीकडे देवळीला राहायला निघाले. टेम्पोत सामान भरून झालं होतं. शोभाताई पुढे बसल्या होत्या. सकाळची वेळ, चिचघाटकडून पिवळी व्हॅन आली. सर फाटकाशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि व्हॅन जाईपर्यंत खिडक्यांमधून आत बघत राहिले.

"दोन पोरं नवी आहेत," ते म्हणाले. "कोहळ्याची नाई."

मग त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पितळी कुलूप होतं.

"नव्या मॅडमले सांगतलं, सापडून नाई राह्यलं. खोलीले वेगळं कुलूप आहे, चोरीची भीती नाई. नवं आणीस्तोर कपाट उघडं राहीन. तेवढ्यात पोरायच्या हाताले सवय लागन." ते थांबले. "पण शाळेची वस्तू आहे, बाई. खोटं बोललो. बिघडलं तं?"

मी विचारलं, "परत द्यायचं आहे का? नक्की?"

त्यांनी बराच विचार केला. "नाई," ते म्हणाले.

कुलूप त्यांनी माझ्या हातात दिलं. जड होतं. माझ्या हाताखाली त्यांनी क्षणभर आपला तळहात धरला आणि मग काढून घेतला.

टेम्पो निघाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. सर उतरले. चालत परत आले, रिकाम्या घराच्या फाटकाची कडी ओढून बघितली, पुन्हा एकदा ओढली. कोपऱ्यावरून शोभाताईंचा आवाज आला, "अहो, आता तं मी भी नाई घरात."  कडी नीट बसली होती. ते वळले आणि हात पाठीमागे बांधून टेम्पोकडे चालू लागले.